आणखी एक कॅनव्हास

(दृश्य: कापणी झालेलं शेत. धसकटांवर सकाळचं कोवळं ऊन. आवाज फक्त पाखरांचा.)

शेतात दोन सुड्या उभ्या आहेत. एक थोरली, एक धाकटी. मागे झाडांची रांग, त्यामागे टेकड्या. बस्स. रस्त्यानं जाणारा माणूस मान वळवूनही बघणार नाही.

१८९० साली, तिकडचा उन्हाळा सरत असताना, एका चित्रकारानं यांच्यासमोर ईझल मांडलं. मग तो पुढचा हिवाळा सरेपर्यंत पुन्हा पुन्हा इथंच येत राहिला. क्लोद मोने. पन्नाशीला टेकलेला निसर्गचित्रकार. गाव फ्रान्समधलं जिव्हर्नी, सेन नदीच्या काठचं. आणि शेत त्याच्या घराजवळचंच, शेजारच्या शेतकऱ्याचं.

इंग्रजीत या चित्रांना जे नाव पडलं त्याचा अर्थ गवताची गंजी, आणि आपणही तेच उचलतो. पण गवत नाहीये ते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला एका नजरेत कळेल. कणसांसकट गव्हाच्या पेंढ्या गोल रचलेल्या, वर शाकारलेलं टोकदार छप्पर, उंची पंधरा-वीस फूट. मळणी अजून व्हायची आहे. याला आपण सुडी म्हणतो. कोकणात भाताची असेल तर उडवी. मी शब्दाशी अडून बसतोय, कारण गंजी ही जनावराची वैरण असते. सुडीत माणसाची वर्षाची भाकरी असते.

शिवाय आणखी एक व्यवहाराची गोष्ट आहे. नॉर्मंडीत, म्हणजे जिव्हर्नीच्या मुलखात, त्या काळी मळणीचं यंत्र गावोगाव फिरायचं. आपली पाळी येईपर्यंत शेतकरी थांबायचा, आणि काही सुड्या थेट मार्चपर्यंत रानात उभ्या राहायच्या. म्हणजे चित्रकाराला हवं ते आयतं मिळालं. कित्येक महिने जागचं न हलणारं, आणि तरी रोज वेगळं दिसणारं काहीतरी.

(दृश्य: समुद्रकडे, फुटणाऱ्या लाटा, मग आगगाडीच्या खिडकीतून पळणारी झाडं.)

त्याआधीची दहा वर्षं मोने सारखा प्रवासात होता. एत्रताचे उंच पांढरे कडे. बेल-इल बेटावरचे काळे खडक आणि वादळी समुद्र. दक्षिणेला बोर्दिगेरा, आंतीब. दरवेळी नवी जागा, नवा प्रकाश. आणि घरी पाठवलेल्या पत्रांत दरवेळी तीच तक्रार: हवा बदलली, दृश्य हातचं गेलं.

१८८९ च्या वसंतात तो क्रूझ नदीच्या खोऱ्यात होता. तिथल्या एका जुन्या ओकवर त्याचा जीव जडला होता. निष्पर्ण, वाकडातिकडा वृक्ष. पण पावसानं काम रखडलं, दिवस गेले, मे महिना आला आणि झाडाला पालवी फुटली. चित्र अर्धवट, आणि समोर हिरवंगार झाड! मोनेनं काय करावं? जमीनमालकाची परवानगी काढली, पैसे मोजले, शिड्या लावून माणसं चढवली आणि ओकची पानं खुडून घेतली.

वेड लागलेल्या माणसाची गोष्ट म्हणून ही सांगितली जाते. मला मात्र ती ऐकताना वाईट वाटतं. झाडाचं तर वाटतंच, पण चित्रकाराचंही. निसर्ग पुढे चाललाय आणि हा त्याला मागे ओढतोय. एवढ्या मोठ्या माणसाची वाट तिथं अडली होती.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यानं फारसं रंगवलंच नाही. दिवंगत चित्रकार-मित्र एदुआर माने याचं ‘ऑलिम्पिया’ हे चित्र फ्रान्सबाहेर जाऊ नये म्हणून तो वर्गणी गोळा करत राहिला. पत्रांमागून पत्रं लिहिली, २० हजार फ्रँक उभे केले आणि चित्र देशाला दिलं. त्या कामात त्याचे कुंचले कोरडे पडले.

(दृश्य: पुन्हा तेच शेत. आता दुपार.)

आणि मग या सुड्या. पुढची हकीकत मोनेनं उतारवयात स्वतः सांगितलेली आहे. त्याला वाटलं होतं, दोन कॅनव्हास पुरेत. एक उन्हासाठी, एक ढगाळ हवेसाठी. कामाला बसला आणि बघता बघता प्रकाश पालटला. सोबत सावत्र मुलगी होती. तिला म्हणाला, घरी जा, आणखी एक कॅनव्हास आण. तिनं आणला. थोड्या वेळानं पुन्हा प्रकाश पालटला. आणखी एक. मग आणखी एक.

वाईच्या किंवा नाशिकच्या घाटावर स्पॉटवर बसून लॅण्डस्केप केलेल्या कुणालाही हा क्षण ओळखीचा वाटेल. पायरीवरची सावली रंगवायला घेतली, रंग कालवून ब्रश वर उचलला, तोवर सावली एक पायरी खाली उतरलेली. आपण काय करतो? पहिली सावली आठवून आठवून चित्र पुरं करतो. मोनेनं पहिलं चित्र तसंच बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या सावलीसाठी दुसरा कॅनव्हास घेतला. दीडच वर्षापूर्वी याच माणसानं झाडाची पानं खुडवली होती.

एकाच दृश्याची दोन-चार चित्रं तो पूर्वीही करायचा. क्रूझलाही केली होती. पण आता तो मोजकंच काहीतरी धरून बसला आणि बाकी सगळं सोडून दिलं. ऑक्टोबर १८९० मध्ये समीक्षक-मित्र गुस्ताव्ह जेफ्रॉयला तो लिहितो की सूर्य इतक्या झपाट्यानं उतरतो, गाठता येत नाही. त्याला हवा आहे तो तेवढाच क्षण, आणि वस्तूभोवतीचं हवेचं वेष्टण, सगळीकडे पसरलेला तोच एक प्रकाश. सुडी आता निमित्तापुरती उरली होती. ती आणि डोळा यांच्यामध्ये जे आहे, ते रंगवायचं होतं.

(दृश्य: बर्फातल्या सुडीचं चित्र. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

जरा जवळ जाऊ. लांबून हा बर्फ पांढरा दिसतो. जवळून बघा, पांढरा सापडत नाही. फिकट गुलाबी आहे, पिवळसर आहे, जांभळट आहे. सुडीची सावली निळी आहे आणि आपल्या पायापर्यंत सरकत आलेली आहे. सुडीच्या अंधाऱ्या अंगात तांबडे फटकारे आहेत, आत कुठंतरी निखारा असावा तसे. आणि रंगाचा थर बघा, एका बैठकीतला नाही तो. खालचा थर वाळला, त्यावर दुसरा चढला, मग तिसरा. खपली धरल्यासारखा जाड झालाय.

म्हणजे सगळं जागेवरच, क्षणार्धात उमटलं, ही समजूत खरी नाही. या चित्रांवर त्यानं स्टुडिओत पुष्कळ काम केलं. शेजारी शेजारी मांडून, एकाचा रंग दुसऱ्याशी पडताळून. काहींना यात कमीपणा वाटतो. मला वाटतं, त्याला नवी वाट सापडली ती इथंच. सकाळच्या चित्रातलं खरं काय ते संध्याकाळच्या चित्राजवळ ठेवल्यावर कळतं. थंडी एका कॅनव्हासमध्ये नसते. ती उन्हाळ्याच्या चित्राकडून बर्फाच्या चित्राकडे जाताना आपल्याला वाजते.

मे १८९१ मध्ये पॅरिसला चित्रविक्रेता पॉल द्युराँ-रुएल याच्या दालनात यांपैकी १५ चित्रं एकत्र लागली. बघता बघता विकली गेली. जुना सोबती कामी पिसारो प्रदर्शनाआधी वैतागला होता, जो तो मोनेच्या सुड्याच मागतो म्हणून. चित्रं पाहिल्यावर त्यानं मोकळ्या मनानं दाद दिली. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आज यांतल्या सहा आहेत. २०१९ साली एका सुडीला न्यूयॉर्कच्या लिलावात ११ कोटी डॉलरहून जास्त किंमत आली.

पैशापेक्षा मला मॉस्कोची गोष्ट मोठी वाटते. १८९६ च्या सुमारास तिथल्या प्रदर्शनात एक तरुण रशियन एका चित्रापुढे उभा राहिला आणि हे काय आहे ते त्याला ओळखताच येईना. सुडी आहे, हे यादीत वाचून कळलं. चित्र मात्र मनातून जाईना. त्याचं नाव वासिली कान्दिन्स्की. पुढे अमूर्त चित्रकलेच्या पहिल्या मोठ्या चित्रकारांत त्याची गणना झाली.

(दृश्य: नदी. काठानं उंच पॉप्लरची रांग, पाण्यात तिचं प्रतिबिंब.)

पण आपण १८९१ च्या उन्हाळ्यात परत येऊ. प्रदर्शन संपलं आणि मोने जिव्हर्नीजवळच्याच एप्त नदीवर हजर झाला. आता काठावरचे पॉप्लर. तीही झाडं लाकडासाठी लावलेली, गावानं लिलावाला काढलेली. त्यानं लाकूडवाल्याशी बोलणी केली, पदरचे पैसे दिले आणि चित्रं होईपर्यंत झाडं उभी ठेवून घेतली.

काम पाण्यावर, एका रुंद तळाच्या नावेत. शेजारी राहणारी अमेरिकन चित्रकार लिला कॅबट पेरी हिनं ती नाव पाहून लिहून ठेवलंय. कॅनव्हास उभे ठेवता यावेत म्हणून आत खाचा केलेल्या होत्या. मोने तिला म्हणाला होता, यांतल्या एका चित्राचा प्रकाश सातच मिनिटं टिकतो. एका ठराविक पानावरून ऊन सरकलं, की तो कॅनव्हास खाचेत परत, आणि पुढचा बाहेर.

(दृश्य: पानावरचं ऊन. ते सरकेपर्यंत कॅमेरा हलत नाही.)