शारेंतोंचं देऊळ पाडतानाचं चित्र

श्रोतेहो, नमस्कार. आज एका छापचित्राबद्दल बोलणार आहे. एक लांबरुंद इमारत आहे, छप्पर उघडं पडलेलं, भिंतींवर चढलेली माणसं, खाली दगडमातीचा ढीग. साल १६८५, पॅरिसजवळचं शारेंतों हे गाव. पाडली जाणारी इमारत प्रोटेस्टंटांचं, म्हणजे कॅथलिक चर्चपासून फुटून निघालेल्या ख्रिस्ती लोकांचं, प्रार्थनाघर. फ्रेंच प्रोटेस्टंट त्याला चर्च म्हणत नसत, 'तांप्ल', म्हणजे देऊळच म्हणत.

१५९८ मध्ये फ्रान्सचा राजा चौथ्या हेन्रीने नांतचं फर्मान काढून प्रोटेस्टंटांना, म्हणजे ह्युगेनोंना, ठरावीक जागी उपासनेची मुभा दिली होती. पॅरिस शहरात मात्र मनाई! म्हणून शारेंतों. रविवारी माणसं सेन नदीतून होडीने जायची. चार-पाच हजार माणसं मावतील एवढं ते देऊळ वास्तुकार सालोमों द ब्रॉसने १६२३ मध्ये उभं केलं. आत भिंतींना लागून वरखाली दोन सज्जे, म्हणजे धर्मोपदेशकाचा शब्द शेवटच्या माणसाला ऐकू जावा.

हेन्रीचा नातू चौदावा लुई. त्याने आधी घोडेस्वार शिपाई प्रोटेस्टंटांच्या घरी मुक्कामाला धाडले. खाणंपिणं घरमालकाचं, आणि धर्म बदलेपर्यंत पाहुणे हलायचे नाहीत. घाबरून हजारोंनी धर्म बदलल्याच्या सह्या केल्या. मग ऑक्टोबर १६८५ मध्ये फोंतेनब्लोला नवं फर्मान निघालं. त्यातली मखलाशी अशी, की बहुतेक लोक कॅथलिक झालेच आहेत, तेव्हा आजोबांचं फर्मान आता निरुपयोगी! कलमं बारा. पहिल्यातच सगळी देवळं पाडण्याचा हुकूम. धर्मोपदेशकांनी पंधरा दिवसांत देश सोडायचा, बाकीच्यांनी मात्र सोडायचा नाही. पळताना सापडलेला पुरुष राजाच्या गलबतावर वल्हं मारायला जायचा.

२२ ऑक्टोबरला फर्मानाची पॅरिसच्या न्यायालयात नोंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी शारेंतोंला पाडकाम सुरू झालं. पाचेक दिवसांत सगळं भुईसपाट.

हे पाडकाम दोघांनी कोरलं. एक सेबास्तियां लक्लेर, राजाच्या पदरचा. दुसरा ॲमस्टरडॅमचा यान लाउकेन. तो मेनोनाइट, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना धर्मापायी जाळलं-बुडवलं गेलं त्या पंथातला. त्याच १६८५ साली हुतात्म्यांवरच्या एका ग्रंथासाठी त्याची १०४ चित्रं छापून आली होती. पाडकाम तेच, पण एकाच्या हातात विजयाची नोंद आणि दुसऱ्याच्या हातात सुतकाची. नुसती कोसळणारी भिंत बघून कुणाचं कुठलं ते सांगणं मला तरी अवघड वाटतं.

छापचित्राचं काम मोठं चिवट. तांब्याच्या पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं. रेघांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. एका पत्र्यावर शेकडो प्रती निघतात आणि सीमेपार जातात. राजाला देऊळ पाडता आलं. ॲमस्टरडॅमचा पत्रा त्याच्या हाताबाहेर होता.

माणसंही त्याच्या हाताबाहेर गेली, देश सोडून, सुमारे दोन लाख. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत भेटणारा टॅव्हर्निअर, गोवळकोंड्याच्या हिऱ्यांबद्दल लिहिणारा, हाही प्रोटेस्टंटच. लुईने त्याच्याकडून मोठा निळा हिरा घेतला, त्याला सरदारकी दिली. १६८९ मध्ये तो वारला, तो मॉस्कोत.

बर्लिनकडे गेलेल्यांना तिथल्या शासकाने आसरा दिला. त्यांनी १७०१ ते १७०५ या काळात तिथे स्वतःचं प्रार्थनाघर बांधलं, नमुना शारेंतोंचा. ते अजून आहे, पुढे बरेच फेरफार झाले तरी. त्याला लागूनचा उंच घुमट ऐंशीएक वर्षांनी आला. पर्यटक फोटो काढतात तो घुमटाचा. शारेंतों त्याच्या आडोशाला, बुटक्या छपराखाली आहे.