गुलाबजल, वाळ्याचं पाणी, गवती चहाचा अर्क: बाटलीत नेमकं असतं काय?

(स्वयंपाकघर. ओट्यावर मोठं स्टीलचं पातेलं, शेजारी गवती चहाची जुडी.)

थांबा, आधी गॅस लावते, मग बोलू. गवती चहाचा अर्क काढायला अर्धा तास लागणार आहे, तेवढ्यात आपल्या गप्पा होतील.

हे बघा. पातेल्याच्या मधोमध एक छोटा दगडी खल पालथा ठेवलाय. पालथी वाटी ठेवून पाहिली होती, पण पाणी उकळलं की ती खडखडते आणि सरकते. खल जड आहे, हलत नाही. त्याच्याभोवती पाव किलो गवती चहा, इंचभर तुकडे करून, हाताने जरा चुरगळून. त्यात लिटरभर पाणी. खलावर ही रिकामी वाटी, सुलटी. आपला सगळा माल हिच्यात पडणार. आता झाकण उलटं, म्हणजे मूठ खाली आणि बरोबर वाटीच्या वर. कडेला कणीक लिंपते, दमबिर्याणीला लावतो तशी. आणि झाकणावर बर्फ. गॅस बारीक.

आत काय चाललंय? वाफ पानांतून वर येते. येताना पानांमधल्या तेलाच्या बारीक पिशव्या फुटतात आणि तो सुगंध वाफेबरोबर निघतो. वर थंडगार झाकण लागलं की वाफेचं पाणी होतं, उतारावरून मुठीकडे ओघळतं आणि थेंब थेंब वाटीत. मोठ्या कारखान्यात हेच काम करतात, तेव्हा वर तेलाचा थर तरंगतो. तो काढून घेतला की खाली उरतं ते सुगंधी पाणी. त्याला हल्ली हायड्रोसोल म्हणतात. पण आपल्याकडे याला शब्द होताच की! अर्क. पोट दुखलं की ओव्याचा अर्क दिलाय ना घरी कुणीतरी? तो मूळचा हाच प्रकार.

आता रीलवर जे दिसतं त्याबद्दल. गुलाबाच्या पाकळ्या पाण्यात उकळल्या, गाळल्या, छान गुलाबी पाणी बाटलीत भरलं, झालं गुलाबजल. नाही झालं. तो काढा झाला. त्यात पाकळ्यांचा रंग उतरतो, साखर उतरते, आणि दोन दिवसांत तो नासतो. अर्क पाण्यासारखा बिनरंगी असतो, कारण रंग वाफेवर बसून येत नाही. दुकानातलं गुलाबजल गुलाबी असेल तर रंग नंतर घातलाय. खसचं, म्हणजे वाळ्याचं, सरबत हिरवंगार असतं ना, तसंच. वाळ्याचा खरा अर्क हिरवा नसतो.

रंग येत नाही, तसं जीवनसत्त्व क सुद्धा येत नाही. कोरफडीचा बुळबुळीत गर येत नाही. मुळात कोरफडीला सुगंधच जेमतेम, तर तिच्या अर्कात यायचं काय? ‘कोरफडीचं हायड्रोसोल’ म्हणून जे महाग विकतात, ते जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणीच, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. ते बॅटरीत घाला. वाफेवर जे उडतं तेवढंच बाटलीत येतं, एवढं एक लक्षात ठेवलं की निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतात.

गुलाबाची गोष्ट मात्र खरंच वेगळी आहे. एक किलो गुलाबतेलाला साधारण तीन ते पाच हजार किलो फुलं लागतात. आणि गंमत अशी की गुलाबाच्या वासातला एक मोठा घटक, फिनाइल इथाइल अल्कोहोल, पाण्यात बराच विरघळतो, तेलात थोडाच उरतो. म्हणजे तेल काढल्यावर उरलेलं पाणी हा चोथा नाही, वासाचा मोठा वाटा त्याच पाण्यात गेलेला असतो. म्हणून चांगलं गुलाबजल ताज्या फुलासारखं वाटतं, आणि महागडं गुलाबतेल त्यापेक्षा जड, मधासारखं. गवती चहाचं उलट. त्याच्या वासातला मुख्य घटक, सिट्रल, पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे अर्क सौम्य येतो.

कन्नौजला, उत्तर प्रदेशात, हे काम अजून तांब्याच्या भांड्यांत चालतं. मोठं भांडं ती देग, बांबूची नळी तो चोंगा, आणि पाण्याच्या हौदात बसवलेलं गोळा करायचं भांडं तो भपका. सांधे मातीनं लिंपतात, आपण आत्ता कणीक लिंपली तसे. उष्णता दाखवणारा घड्याळासारखा काटा कुठेच नाही. कारागीर भपक्याला हात लावतो, देगेतला आवाज ऐकतो आणि जाळ कमी-जास्त करतो. अत्तर करायचं असेल तर भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. ते सुगंध धरून ठेवतं आणि खाली साठलेलं पाणी काढून पुन्हा देगेत ओततात. केवड्याचं असंच मोठं काम ओडिशात, गंजाम जिल्ह्यात. आपल्याकडे केवड्याचं कणीस आठवतं ते गौरी-गणपतीत, आणि तेव्हा त्याचा भाव विचारायचीही हिंमत होत नाही.

माझं माहेर धुळ्याचं, त्यामुळे एक खानदेशी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडच्या डोंगरात रोशा नावाचं सुगंधी गवत होतं. एकोणिसाव्या शतकात त्याचं तेल काढून मुंबईमार्गे तांबड्या समुद्राकडे आणि पुढे तुर्कस्तानात जायचं. कशाला? तिकडच्या महागड्या गुलाबतेलात भेसळ करायला! दोन्हींत जेरेनिऑल नावाचा घटक भरपूर असतो, त्यामुळे नाकाला पटकन कळायचं नाही. म्हणजे युरोपात कुणी बाई गुलाबाचं म्हणून जे हुंगत होती, त्यात थोडा सातपुडा होता. मला उगीचच याचा अभिमान वाटतो, वाटू नये तरी.

भेसळ आजही होते, फक्त सोपी झाली. (दोन बाटल्या कॅमेऱ्यासमोर धरते.) दोन्हींवर पुढे गुलाबाचं चित्र. आता मागची बारीक अक्षरं वाचू. या पहिलीवर घटक लिहिलेत: ‘रोझा डॅमासेना फ्लॉवर वॉटर’, मग एक प्रिझर्व्हेटिव्ह, बस. ही दुसरी: ‘अ‍ॅक्वा, परफ्यूम, पॉलिसॉर्बेट’, शेवटी रंगाचा नंबर. अ‍ॅक्वा म्हणजे साधं पाणी. पॉलिसॉर्बेट हा वास पाण्यात मिसळायला. म्हणजे हिच्यात गुलाब फक्त चित्रात आहे. विष नाही ते, पण चार पैसे जास्त देऊ नका.

आणि ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं असेल तर? मी खूश व्हायचे पूर्वी. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून वाळ्याच्या पाण्याची अशीच बाटली आणली. मे महिना, आरशासमोर ठेवली, येता-जाता चेहऱ्यावर फवारायची. जूनच्या शेवटी हनुवटीवर बारीक पुरळ. मला वाटलं घाम, मग वाटलं आंबे. एक दिवस बाटली उजेडात धरली तर तळाशी कापसाच्या धाग्यासारखं काहीतरी तरंगतंय. बुरशी. फवाऱ्याच्या नळीतही होती. मी महिनाभर ती रोज सकाळी तोंडावर मारत होते!

दोष त्या विकणाऱ्या बाईंचा कमी, माझा जास्त. अर्क दुधासारखा सांभाळायचा असतो. त्यात तेलाचा अंश फार थोडा, बाकी सगळं पाणी, आणि पाणी म्हटलं की जंतू आले. बरं, जंतू दिसायला लागेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही, कारण पाणी स्वच्छ दिसत असतानाही ते असू शकतात. म्हणून घरी काढलेला अर्क फ्रिजमध्ये, उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत, आणि फार तर दोन-तीन आठवडे. विकतचा असेल तर लहान बाटली घ्या. प्रिझर्व्हेटिव्ह असलेला घ्यायला लाजू नका.

यावरूनच डोळ्यांचं. आमची आजी डोळे आले की गुलाबजलाचे दोन थेंब टाकायची, आणि आम्ही डोळे मिटून ‘आऽऽहा’ करायचो. गार वाटतं, खोटं नाही. पण डोळ्यात जायचं औषध निर्जंतुक लागतं, आणि चेहऱ्याला लावायची बाटली निर्जंतुक नसते. घरची तर नाहीच. थकलेल्या डोळ्यांवर गुलाबजलात बुडवलेला कापूस ठेवायचा असेल तर पापण्या घट्ट मिटून ठेवा. आत थेंब नको.

मग त्वचेवर वापरायचं कसं? मी सांगते मी काय करते. चेहरा धुतला, टॉवेलनं नुसता टिपला, ओलसर असतानाच दोन फवारे, आणि लगेच वर क्रीम किंवा दोन थेंब तेल. हे ‘लगेच’ महत्त्वाचं आहे. नुसतं पाणी फवारून सोडलं तर ते उडून जातं आणि कोरड्या हवेत त्वचा आणखीच ताणल्यासारखी वाटते. डिसेंबरात बऱ्याच जणी म्हणतात, गुलाबजल लावते तरी कोरडं पडतं. वरून काही लावलं नाही तर पडणारच. मुलतानी माती किंवा बेसन कालवायला साध्या पाण्याऐवजी अर्क, हा आपला जुना उपयोग आहेच. पुरुषांनी दाढीनंतर तुरटी फिरवून झाली की वाळ्याचं पाणी मारून बघावं. आमच्याकडे बाटली अर्धी तिथेच संपते.

पण सुगंध म्हटला की कुणालातरी तो सोसत नाही. सिट्रल, जेरेनिऑल, लिनालूल अशा सुगंधी घटकांची अ‍ॅलर्जी असणारी माणसं आहेत, आणि ‘नैसर्गिक’ आहे म्हणून अ‍ॅलर्जी थांबत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. एक्झिमा असेल, जखम असेल, तान्हं बाळ असेल, तर नकोच. डाग जातात, सुरकुत्या जातात, हे मला विचारू नका. मला तरी गार वाटतं आणि वास आवडतो, एवढ्यासाठी मी वापरते.

घरात मात्र मी हात सैल सोडते. सुती साडीला इस्त्री करताना पाण्याच्या फवाऱ्याऐवजी वाळ्याचा अर्क. गरम इस्त्री फिरली की जो वास उठतो ना, तो विदर्भातल्यांना लगेच ओळखीचा वाटेल. कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतात, त्यांच्यावर पहिलं पाणी पडतं तसा. फक्त रेशमावर मारू नका, पैठणीवर तर मुळीच नाही, पाण्याचे डाग पडतात. उशीचे अभ्रे, पडदे, गाडीतल्या सीटा, सगळीकडे चालतं. पावसाळ्यात कपाटाला कुबट वास येतो, तिथे मात्र फवारू नका. आधीच दमट, त्यात आणखी पाणी! तिथे वाळ्याच्या सुक्या मुळांची पुरचुंडी बरी.

गवती चहाच्या अर्काने मी ओटा पुसते, पण साबणाने धुऊन झाल्यावर. यानं जंतू मरतात अशा भ्रमात राहू नका. आणि डास? एखाद मिनिट विचारात पडत असतील. मच्छरदाणी ठेवा.

मांजर असेल त्या घरांनी जरा ऐका. मांजराच्या यकृताला काही वनस्पतिजन्य रसायनं नीट पचवता येत नाहीत, विशेषतः ओवा आणि तुळशीत असतात त्या जातीची. मांजर अंग चाटतं, म्हणजे तिच्या अंथरुणावर मारलेलं तिच्या पोटात जातं. तिच्या जागेपासून लांब.

खाण्यात घालायचं गुलाबजल किंवा केवडा वेगळा घ्या, ज्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे तो. चेहऱ्याची बाटली बासुंदीत ओतू नका. उलट चालेल एक वेळ.

आणि घरी गुलाबाचा अर्क काढायचा असेल तर फुलं कुठली? तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधले लांब दांड्याचे डच गुलाब दिसायला राजबिंडे, पण वास नाही, आणि त्यांच्यावर औषधं फवारलेली असतात. हारवाल्याकडच्या फुलांचंही सांगता येत नाही. कुंडीतला गावठी गुलाब, स्वतः वाढवलेला, पहाटे तोडलेला. तेवढी फुलं नसतील तर गवती चहाच बरा. तो कुणाच्याही अंगणात मागून मिळतो.

(पातेल्याकडे वळते.)

चला, झालं असेल. मधला वेळ मी व्हिडिओतून कापलाय. बर्फ दोनदा बदलला. जास्त वेळ ठेवायचं नाही. सुरुवातीचा अर्क सुगंधी येतो, पुढे पुढे शिजवलेल्या पालेभाजीचा वास यायला लागतो. गॅस बंद केला, आता जरा निवलंय. कणीक सोडवते... कडक झालीये. झाकण तिरकं करायचं नाही, नाहीतर वरचं बर्फाचं पाणी सगळं वाटीत. माझं पहिल्यांदा तेच झालं होतं.

हं. ही बघा वाटी. किती असेल, दोनशे मिली? जरा कमीच. पाण्यासारखं स्वच्छ. जवळून बघा, वर तेलाचे दोन-चार बारीक ठिपके तरंगतायत. बाटली सकाळी उकळून ठेवलीये. ओतते. आता ही कागदी चिकटपट्टी, आणि हिच्यावर आजची तारीख आणि ‘पिऊ नये’. हे दुसरं आमच्या सासऱ्यांसाठी, मागच्या वेळी त्यांनी फ्रिजमधलं गार पाणी समजून निम्मी बाटली संपवली होती आणि वर म्हणाले, आज पाण्याला चव बरी आहे.