अंजिरी साय

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे आणि त्यात जिवंत प्रवाळ आहेत, त्यांच्यासाठी आज बोलणार आहे, टँकमधल्या वाळूवर धरणाऱ्या अंजिरी सायीबद्दल. गप्पी, गोल्डफिश पाळणाऱ्यांनीही ऐकावं. हा पाहुणा त्यांच्याकडेही येतो, फक्त हिरवा-निळा होऊन.

माझा टँक 200 लिटरचा. सकाळी दिवे लागतात तेव्हा वाळू पांढरी असते. दुपारी तीनच्या सुमाराला त्याच वाळूवर अंजिरी रंगाची साय धरलेली दिसायची. दुधावरची साय एका बाजूने उचलली की सगळी सोबत येते, तशीच ही. काचेला नाक लावून पाहिलं की तिच्याखाली मोहरीहून बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात. तो प्राणवायू. बुडबुड्यांनी एखादा तुकडा फुगतो, वाळूपासून सुटतो, तरंगत जातो आणि प्रवाळावर बसतो. तो बसला की खालचं प्रवाळ अंग चोरून घेतं. रात्री दिवे मालवले की साय विरते. सकाळी वाटतं, गेली एकदाची. दुपारी पुन्हा हजर. असे 8 महिने काढले मी.

आपण हिला शेवाळ म्हणतो. शाळेतही नील-हरित शैवाल असंच शिकलो. पण हे शेवाळ नव्हे, हे जिवाणू आहेत. सायनोबॅक्टेरिया. टँकवाले नुसतं 'सायनो' म्हणतात. फरक साधा वाटतो, पण शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणून सोडल्यावर तो मला कळला. काचेवरचं हिरवं त्यांनी फस्त केलं आणि अंजिरी सायीला वळसा घालून निघून गेल्या. हे जीव फार पुरातन आहेत. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला, तो यांच्याच पूर्वजांनी सोडलेला. तेव्हा यांना टँकमधून समूळ घालवण्याचा विचार सोडून द्या. त्यांना पसरू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

आता माझी चूक सांगतो, कारण ती पुष्कळांची आहे. घर स्वच्छ म्हणजे कोपऱ्यात काही नको, ही आपली सवय. मी टँकलाही तेच लावलं. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. पाण्यातलं फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं एक खाद्य, शोषणारे दाणे घातले. फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र, म्हणजे स्किमर, दिवसरात्र चालू. दर आठवड्याला पाणी बदललं. टेस्ट किटवर नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं नत्र, शून्य आलं, तेव्हा मला फार आनंद झाला. आणि त्याच महिन्यात साय वाळूवरून दगडांवर चढली.

याचं कारण भातखाचरात आहे. खाचरातल्या पाण्यात हेच नील-हरित जिवाणू वाढतात आणि हवेतला नत्रवायू पकडून भाताच्या कामी येईल अशा रूपात आणतात. शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी 1939 साली हे दाखवून दिलं, आणि पुढे शेतकरी त्यांचं खत म्हणून वापर करू लागले. अरबी समुद्रातही असंच. उन्हाळ्याच्या तोंडाला वरच्या पाण्यातलं नायट्रेट संपतं, तेव्हा गोवा-कोकणच्या किनाऱ्यापलीकडे कधी कधी लाकडाचा भुसा सांडल्यासारखे पट्टे तरंगताना दिसतात. तेही सायनोच, ट्रायकोडेस्मियम नावाचे. नत्र संपलं की बाकीचे उपाशी राहतात. सायनोतले अनेक प्रकार मात्र आपलं नत्र हवेतून मिळवतात, त्यांना लागतं ते जरासं फॉस्फेट. मी नायट्रेट शून्यावर नेऊन सायनोच्या सगळ्या स्पर्धकांची उपासमार केली होती. फॉस्फेटही किटवर जवळजवळ दिसत नव्हतं, कारण पाण्यात उतरेल ते ही सायच खाऊन टाकत होती.

मग मी औषधाकडे वळलो. दुकानात सायनोवर पूड मिळते, ती घातली. 48 तासांत वाळू लख्ख झाली. पण दुसऱ्या रात्री अकरा वाजता क्लाउनफिशची जोडी पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडून श्वास घेताना दिसली. मेलेली साय कुजत होती आणि पाण्यातला प्राणवायू खात होती. अशा औषधाने स्किमर फेसाने भरून वाहतो म्हणून तो मी बंद ठेवला होता, म्हणजे हवा मिसळण्याचा तोही रस्ता बंद. पहाटेपर्यंत एअरपंप धरून बसलो. मासे वाचले. तिसऱ्या आठवड्यात साय परत आली.

काहीजण औषधाच्या दुकानातून एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणून कुटून घालतात. सायनो त्याने मरतो, हे खरं. पण ते माणसांचं प्रतिजैविक आहे. टँकमधले उपयोगी जिवाणू त्यात दगावू शकतात, आणि बदललेलं पाणी आपण ओततो मोरीत, तिथून ते गटारात जातं. औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात ते असेच. कृपा करून हे करू नका.

काही करण्याआधी साय खरंच सायनोची आहे ना, ते पाहा. डायनोफ्लॅजेलेट नावाचे जीवही तपकिरी, बुडबुडेवाली, शेंबडासारखी तार धरतात. थोडी साय पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा, आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा तारा जमल्या तर डायनो. नाही जमल्या तर बहुधा सायनो.

आता माझ्याकडे कशाने फरक पडला ते सांगतो. पहिलं काम नळीचं. एअरपंपाला लावतो ती बारीक नळी, तिने रोज दहा मिनिटं साय ओढून काढायची. दिवे बंद व्हायच्या आधी, म्हणजे ती जाड असते तेव्हा. नळीचं दुसरं टोक बारीक विणीच्या फिल्टर पिशवीत सोडा. साय पिशवीत अडकते आणि पाणी परत टँकमध्ये घालता येतं. दुसरं, नायट्रेट मोजून वाढवलं. आता ते 5 ते 10 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 5 ते 10 भाग ठेवतो, फॉस्फेट 0.03 ते 0.1. शोषक दाणे काढून टाकले. नायट्रेट वाढवायचं ते रोज किंचित, आणि आठवड्यातून दोनदा मोजणी. एकदम ओतलं तर प्रवाळच फिकी पडतील.

तिसरं वेव्हमेकर, म्हणजे टँकमध्ये पाण्याचा झोत सोडणारा पंप. आत चुना आणि बुळबुळ साचून त्याचा जोर कधी ओसरला, ते लक्षातच आलं नव्हतं. रात्रभर पातळ व्हिनेगरमध्ये बुडवला, सकाळी ब्रशने घासला, आणि जिथे साय हटत नव्हती तिथे झोत वळवला.

आणि पाणी! स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी मी दोन वर्षं टँकमध्ये घालत होतो. पण बऱ्याच घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर आकडा 48. रीफ टँकला, म्हणजे प्रवाळांच्या टँकला, तो शून्य हवा. त्यासाठी आरओनंतर उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळकांडी लागते, आणि रेझिन संपलं की बदलावं लागतं. मीठ कितीही महागाचं आणलं तरी पाणीच असं असेल तर काय उपयोग?

तीन दिवस टँक चादरीने झाकून अंधार करण्याचा उपायही आहे. साय त्याने मागे हटते, पण मूळ कारण तसंच राहिलं तर परत येते. करायचाच तर एअरपंप चालू ठेवून करा.

कुणी सल्ला देईल, मालवणहून समुद्रातला जिवंत दगड, म्हणजे प्रवाळांचा सूक्ष्म जीवांनी भरलेला दगड, आणा, चांगले जिवाणू येतील. आणू नका. आपल्या समुद्रातली सगळी दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. कोरडा दगड घ्या आणि सहा महिने धीर धरा.

माझ्या टँकच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, झोत पोचत नाही तिथे, आजही रुपयाच्या नाण्याएवढा अंजिरी डाग आहे. रविवारी नळी घेऊन बसतो तेव्हा काढतो. पुढच्या रविवारी तो तिथेच असतो, तेवढाच. शेजारचं झोआंथस या फुलासारख्या समुद्री जीवाचं झुपकं मात्र दुपारी तीन वाजता पूर्ण उमललेलं असतं.

नमस्कार.