किरणांची मात्रा मोजणारा हिरा

नमस्कार, श्रोतेहो.

मेंदूतल्या वाटाण्याएवढ्या गाठीवर किरणोपचार करायचे, तर किरणांचा झोतही तेवढाच बारीक लागतो, कधीकधी जेमतेम 5 मिलीमीटरचा. रुग्णावर सोडण्याआधी पाण्याच्या टाकीत त्याची मात्रा मोजतात. एकक ग्रे, एक किलो पदार्थात एक जूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. हे मोजमाप चुकलं, तर त्या झोताखाली येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तीच चूक येते, आणि त्याला ती कळतही नाही.

हे काम वर्षानुवर्षं हवा भरलेला आयनीकरण कक्ष करत आला आहे; किरणांमुळे त्यातल्या हवेत जो विद्युतप्रवाह निर्माण होतो, त्यावरून मात्रा कळते. मोठ्या झोतासाठी तो अतिशय भरवशाचा. पण नेहमीच्या कक्षाची पोकळी 2 सेंटीमीटरांहून लांब असते. बारीक झोतात तिचा बराचसा भाग झोताबाहेरच राहतो आणि मात्रा आहे त्याहून कमी दिसते. तो आकडा खरा धरला, तर रुग्णाला जादा किरणं जातील. पोकळी लहान करावी, तर हवा इतकी विरळ की मोजण्याजोगा विद्युतप्रवाहच मिळत नाही.

म्हणून हवेऐवजी हिरा. तो हवेच्या जवळपास तीन हजार पट दाट. त्याचा कणही पुरेसा प्रवाह देतो. शिवाय तो निव्वळ कार्बन, अणुक्रमांक 6. अणुक्रमांक जितका जवळ, तितकं किरणं शोषणंही सारखं. पाण्याचा परिणामी, म्हणजे त्यातल्या सगळ्या अणूंचा मिळून धरलेला, अणुक्रमांक साडेसातच्या आसपास आणि आपले स्नायूही त्याच्या जवळचेच. सिलिकॉनचा मात्र 14, म्हणून कमी ऊर्जेचे क्ष-किरण ते प्रमाणाबाहेर शोषतं. शरीराच्या इतकं जवळ जाणारं घन साधन दुर्मीळच, आणि मला हिऱ्याचं खरं मोल यातच वाटतं.

आधी खाणीतले हिरे वापरले गेले. पण प्रत्येक खड्यातली अशुद्धी वेगळी, त्यामुळे वागणंही वेगळं. मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मातून, म्हणजे विद्युतभारित वायूतून, थरावर थर वाढवलेल्या हिऱ्यात ही अशुद्धी आपल्या ताब्यात राहते. रोमच्या तोर व्हेर्गाता विद्यापीठात अशा हिऱ्याचा शोधक, म्हणजे किरणं मोजणारं साधन, विकसित झाला आणि जर्मनीच्या पीटीडब्ल्यू कंपनीनं तो बाजारात आणला. त्याचा संवेदनशील थर 2.2 मिलीमीटर व्यासाचा आणि फक्त 1 मायक्रोमीटर जाड! त्याला बाहेरून व्होल्टेजही लागत नाही. हिरा आणि धातू यांच्या सांध्यावर आपोआप तयार होणारं विद्युतक्षेत्र पुरतं.

मोजणीआधी मात्र त्याला थोडी किरणं द्यावी लागतात, मग तो स्थिरावतो. आणि जी घनता कामी येते, तीच अगदी अरुंद झोतात आडवी येऊन आकडा किंचित वाढवते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं 2017 मध्ये बारीक झोतांसाठी नियमावली काढली, तिच्यात यासाठीचे दुरुस्ती गुणक दिले आहेत. ते लावल्याशिवाय हिऱ्याचा आकडाही रुग्णापर्यंत जाऊ देऊ नये.