सासरच्या बीपीचीही चौकशी हवी

नमस्कार श्रोतेहो. सातव्या-आठव्या महिन्यात सुनेचं बीपी वाढलं, की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "हिच्या माहेरचंच आहे ते." हे बोलणं त्या मुलीच्या जिव्हारी लागतं, आणि ते अर्धवट आहे.

विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 किंवा त्याहून वर गेलं आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, की डॉक्टर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास झाला असेल तर धोका वाढतो, हे खरंच. पण या आजारात वारेचा मोठा हात असतो, आणि वार वाढते बाळाच्या जनुकांवर. त्यातली निम्मी बापाची!

अमेरिकेतल्या युटा राज्यातला 2001 सालचा अभ्यास पाहा. ज्या पुरुषांच्या वेळी त्यांच्या आईला प्रीएक्लॅम्पसिया झाला होता, त्यांच्या बायकांनाही तो होण्याची शक्यता दुपटीच्या आसपास निघाली. म्हणजे सासूबाईंचं बाळंतपणही विचारायला हवं.

पुढे 2017 साली हा त्रास झालेल्या आयांच्या बाळांच्या डीएनएत, तेराव्या गुणसूत्रावर, एफएलटी-1 या जनुकाजवळ एक बदल सापडला. या जनुकामुळे वारेतून एक प्रथिन आईच्या रक्तात उतरतं. ते फार झालं, की रक्तवाहिन्या निरोगी ठेवणारी द्रव्यं अडकून पडतात. वाहिन्या आकसतात, बीपी चढतं, मूत्रपिंडांतून प्रथिनं गळू लागतात. तेरावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असलेल्या बाळांच्या आयांना हा आजार जास्त होतो, हे डॉक्टर आधीपासून पाहत होतेच.

अर्थात हे एकट्या जनुकाचं काम नाही. आईकडून येणारी, एरवीही बीपी वाढवणारी जनुकं असतात. वजन, वय, पहिलटकरीण असणं, हेही असतं.

तेव्हा नाव नोंदवायला जाताना दोन्ही घरांची माहिती घेऊन जा. सासूबाई, तुम्ही स्वतःहून सांगा. धोका जास्त वाटला तर डॉक्टर कमी मात्रेचं ॲस्पिरिन देतात. ते सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेलं बरं. मनानं मात्र घेऊ नका.

आणि डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांतसुद्धा.