जुनी फोर बाय फोर पिकअप घरी उभी करताय? पैसा आधी खाली लावा

राम राम राजेहो. ही मागं ठोकळ्यांवर उभी दिसून राहिली ना, चाकं काढलेली, ही महिंद्राची जुनी फोर बाय फोर पिकअप आहे, म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना देता येते. पुढे पण पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), मागे पण पाटे, डिझेल इंजिन, कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही नाही. घरच्याच टिनाच्या शेडात हिचं काम चालू आहे. आज मी रंग दाखवणार नाही, टायर अन् लाइट शेवटी थोडेसे, बाकी पूर्ण व्हिडिओ गाडीच्या खालून आहे. काऊन की जुनी फोर बाय फोर घेणारे पोरं पहिला पैसा वर लावतात, मोठे टायर, काळा रंग, छतावर लाइटची पट्टी, अन् गाडी जगते ती खालच्या सामानावर. खालचं धड नसलं तर वरचं सगळं वाया आहे, माझं एवढंच म्हणणं आहे अन् का ते दाखवतो.

आधी हे समजून घ्या की आपल्याला फोर बाय फोर पाहिजे कशाले. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते अन् दोन पाऊस झाले की तीच माती टायरला अशी धरते की नक्षीच दिसत नाही, टायर पूर्ण गुळगुळीत. पांदणीतून बंडी निघून जाते, ट्रॅक्टर निघून जाते, पण साधी पिकअप तिथंच मागचं चाक फिरवत बसते अन् जेवढं फिरवलं तेवढी खाली जाते. खत न्यायचं आहे, फवारणीचं पाणी न्यायचं आहे, दिवाळीच्या आगेमागे कापूस घरी आणायचा आहे, हे सगळं त्याच पांदणीतून.

आता कॅमेरा आतमध्ये घे. हा गिअरच्या बाजूचा छोटा दांडा पाहा. टू-हाय म्हणजे फक्त मागची दोन चाकं ओढतात, फोर-हाय म्हणजे पुढची पण, न्यूट्रल, अन् फोर-लो म्हणजे चारही, पण कमी गतीत. या गाडीची खरी ताकद इथं आहे. या जीपच्या खानदानातल्या गाड्यांत लो टाकला की गती साधारण अडीच पट कमी होते अन् चाकावरचा जोर तेवढाच वाढते. समजा पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी 8 किलोमीटरनं चालून राहिली, तर लोमध्ये त्याच आरपीएमला ती 3 च्या आसपास चालते, एक्सलेटर दाबायची गरज नाही, क्लच जाळायची गरज नाही, ती आपली हळूहळू निघत राहते. चिखलात हेच पाहिजे. जोरात रेस देऊन चिखल पार करणारे व्हिडिओ पाहायला बरे वाटतात पण भरलेल्या गाडीले तसं करून क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला फुलीसारखा तुकडा) तुटते नाहीतर एक्सल शाफ्ट तुटते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा, कोरड्या डांबरी रोडवर फोर बाय फोर लावून फिरायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा मोठा फेरा घेतात, म्हणजे त्यांना जास्त फिरा लागते, पण या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मधात डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा गिअरसंच) नाही, दोन्ही एकमेकाला बांधलेले. चिखलात, मुरमात चाक थोडं घसरून तो फरक निघून जाते, डांबरावर निघत नाही, मंग तो ताण पूर्ण गिअरांवर अन् क्रॉसवर येते, स्टेअरिंग जड होते, दांडा टू-हायमध्ये परत येत नाही. तेव्हा दांड्याशी मारामारी करू नका, गाडी थोडी रिव्हर्स घ्या, ताण सुटला की दांडा आपोआप निघते.

अन् फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं कायम ओढतात असं पण नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक हलकं झालं तेच फिरते. पुढचं डावं अन् मागचं उजवं खड्ड्यात गेलं की ती दोन फिरतात अन् बाकीची दोन पाहत राहतात. अशा वेळी लो पहिला टाकून, थोडी रेस ठेवून ब्रेक हळूच दाबायचा, फिरणाऱ्या चाकाला अडवलं की जोर दुसऱ्या बाजूला पण जाते. एवढ्यानं पुष्कळदा गाडी निघून जाते, फक्त ब्रेक चांगले पाहिजे अन् ड्रम चिखलानं भरलेले नको.

आता चला खाली, टॉर्च इकडे मार. हा चेसीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा, भाग पाहा, मागच्या पाट्याचं ब्रॅकेट जिथं बसते तिथं. वरून काळा रंग एकदम चांगला दिसते, हो ना? आता हातोडीनं ठोकून पाहा. इथं टणटण आवाज, इथं पण टणटण, अन् इथं आल्यावर भदभद. जिथं भदभद आवाज आला तिथं आतून पत्रा गेला म्हणून समजा, मंग जाड स्क्रू-ड्रायव्हर दाबा, आत गेला तर सडलं. आपल्याकडची गाडी आतून सडते याचं कारण सोपं आहे, काळी माती चेसीच्या पोटात जाऊन बसते अन् ती लवकर सुकत नाही, पावसाळा संपला तरी आत ओल धरून ठेवते. त्यात पाणी निघायचे जे भोकं कंपनीनं ठेवलेले असतात ते मातीनं बुजून जातात. अन् पिकअपमधून युरिया-डीएपीच्या गोण्या नेतो आपण, गोणी फाटली, खत सांडलं, त्या खताला हवेतली ओल धरायची सवयच आहे, हौद्याच्या पत्र्याखाली जाऊन बसते अन् लोखंड खाते. म्हणून जुनी पिकअप घ्यायला जाल तेव्हा हौद्याच्या चेकर प्लेटखाली हात घालून पाहा, मालक काहीही म्हणो. खत आणलं की हौदा त्याच दिवशी पाण्यानं धुऊन टाका, हे काम फुकटचं आहे.

सडलेल्या जागी काय करायचं? सडका भाग पूर्ण कापून काढायचा, चांगलं चकचकीत लोखंड लागेपर्यंत, मंग त्याच जाडीचा पत्रा घेऊन वेल्डिंग. गंजावर पत्रा ठेवून चारी बाजूनं टाके मारून द्यायचे अन् वरून पुट्टी, हे काम खूप ठिकाणी करून देतात अन् स्वस्त पडते, पण आतमधला गंज चालूच राहते अन् एक दिवस भरल्या गाडीत ब्रॅकेट बाहेर येते. चेसीला पुट्टी लावायचीच नाही, पुट्टी बॉडीसाठी आहे. वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड उडतात. अन् डिझेलची टाकी खाली उतरवून बाहेर नेऊन ठेवा. रिकामी आहे म्हणून काही होत नाही असं समजू नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची. मंग गंज घासून प्राइमर, त्यावर रंग, अन् चेसीच्या पोटात पाइपनं कॅव्हिटी वॅक्स (आतून गंज रोखणारं मेण). वॅक्स नाही मिळालं तर गिअर ऑइल फवारलं तरी काही वर्ष निघतात, फक्त पाण्याचे भोकं उघडे ठेवा. आमचे मिस्त्री चाचा म्हणतात, "रंग कोनीबी पाह्यते, भोक कोनी पाह्यत नाही", अन् ते बरोबर म्हणतात.

यानंतर एक्सल. हा पुढचा डिफरन्शियल, याचा प्लग खोलून थोडं ऑइल बाहेर काढतो. दुधाच्या चहासारखं दिसून राहिलं ना, म्हणजे आत पाणी गेलं. नाल्यातून गाडी काढली म्हणजे काय होते, चालून चालून एक्सल गरम झालेला असते, एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते अन् सीलमधून पाणी आत ओढते. त्यासाठी एक्सलवर ब्रीदर असते, छोटीशी टोपी, ती मातीनं जाम झाली की हवा यायला दुसरी जागाच राहत नाही. इलाज एकदम स्वस्तातला आहे, टोपी काढून तिथं नळी लावायची अन् ती नळी वर बोनेटच्या खाली उंच नेऊन बांधायची, तोंडाला छोटा फिल्टर. दोन्ही एक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (त्या छोट्या दांड्याचा गिअरडबा), सगळ्यांना. मला विचाराल तर जुन्या फोर बाय फोरमधलं सगळ्यात कामाचं मॉडिफिकेशन हेच आहे अन् बाहेरून ते कोणाला दिसत पण नाही.

ऑइल भरताना एक पाहा. डिफरन्शियलमध्ये जीएल-5 दर्जाचं नव्वद नंबर गिअर ऑइल चालते, तिथं तेच पाहिजे. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या) असतात, तिथं मॅन्युअलमध्ये जीएल-4 सांगितलं असेल तर जीएल-4 च टाका, एकाच डब्यातलं सगळीकडे ओतू नका.

हे क्रॉस. हातानं शाफ्ट हलवून पाहा, थोडा जरी खटखट आवाज आला तर बदलून टाका. शाफ्ट खोलायच्या आधी खडूनं किंवा पंचनं निशाणी करा, कारण दोन तुकडे जोडताना दोन्ही टोकाचे योक (क्रॉस धरणारे दुबोटी तुकडे) एका रेषेत आले पाहिजे, एक दात जरी इकडचा तिकडे झाला तरी गाडी थरथरते अन् लोक मंग चाकं बॅलन्स करत फिरतात. किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळते तिचा, ढिलेपणा पाहायला पुढचं चाक उचलून वरखाली हलवा. तिथं ढिलं असलं तर रोडवर खड्डा लागला की पूर्ण पुढचा भाग झिंगल्यासारखा हलते, ते लय भयानक असते, स्टेअरिंग हातात राहत नाही.

ब्रेकचं लांबवत नाही. व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडरचं किट, सगळे रबरी होज नवीन टाका, गंजलेले लोखंडी पाइप बदला, ब्रेक ऑइल पूर्ण नवीन, कारण ते हवेतली ओल पिते. इथं जुगाड नको.

इंजिनमध्ये मी तुम्हाला एकच सांगतो, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाते, गाडी गरम झाली की पहिलं काम म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. पण बहुतेक वेळा दोष त्याचा नसते, रेडिएटर चोक असते. बाहेरून माती अन् कापसाचा फुफाटा, अन् आतून बोरच्या पाण्याचा क्षार, कारण आपण वर्षानुवर्ष बोरचंच पाणी ओतत आलो. रेडिएटर खोलून रेडिएटरवाल्याकडून साफ करून घ्या, बाहेरून धुताना इंजिनच्या बाजूनं समोर पाणी मारा म्हणजे कचरा ज्या रस्त्यानं आला त्याच रस्त्यानं निघते, अन् मंग कूलंट आणि डिस्टिल वॉटर टाका. थर्मोस्टॅट नसला तर हिवाळ्यात इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त खाते, धूर मारते, अन् सिलेंडर लवकर घासते. नवीन थर्मोस्टॅट महाग नाही. भांड्यात पाणी तापवून त्यात टाकून पाहा, उकळीच्या आधी उघडला पाहिजे.

आता टायर, सगळ्यांचा आवडता विषय. मोठा टायर टाकला की गाडी उंच होते हे खरं, पण सोबत तुमचा लो गिअर तेवढा कमजोर होते, ब्रेकवर जोर येते, अन् स्पीडोमीटर खोटं बोलते. टायरचा व्यास 10 टक्के वाढला तर काटा 50 दाखवते तेव्हा गाडी 55 वर असते. आपल्या मातीत रुंद टायरपेक्षा दोन लगच्या (टायरवरच्या उंच ठोकळ्यांच्या) मधात मोकळी जागा असलेला टायर पाहा, म्हणजे फिरताना माती बाहेर फेकते. आकार कंपनीचाच ठेवा. अन् चिखलात हवा कमी करा, रिकामी गाडी असेल अन् रोडवर 35 पीएसआय असेल तर 20 पर्यंत आणा, टायर पसरते, पकड वाढते. पण डांबरावर यायच्या आधी परत भरा, बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोबत पाहिजेच. गाडी भरलेली असली तर एवढी हवा कमी करायची नाही.

कायद्याचं पण ऐकून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये आरसीवर लिहिलेल्यापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये हेच सांगितलं, अन् कलम 182-ए मध्ये मालकाला एका बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. समोरचा तो जाड लोखंडी क्रॅश गार्ड 2017 च्या शेवटी केंद्र सरकारनं लावायला मनाई केली. दुसरं इंजिन टाकायचं असेल, रंग बदलायचा असेल, तर आधी आरटीओची परवानगी घ्या अन् आरसीवर नोंद करून घ्या. गाडी घेतानाच चेसी नंबर घासून, साफ करून, आरसीशी जुळवून पाहा, बँकेचा बोजा उतरला का पाहा, पर्यावरण कर अन् फिटनेस पाहा. एमएच-29 (यवतमाळ) असो का एमएच-34 (चंद्रपूर), कागद नसलेली गाडी स्वस्त भेटली तरी घेऊ नका, ती तुमच्या नावावर होतच नाही.

लाइटसाठी छतावर काही लावायची गरज नाही. जुन्या गाडीत हेडलाइटचा पूर्ण करंट स्विचमधून जाते, 60 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 10 अँपिअर, वायर जुनी, टर्मिनल काळे पडलेले, मंग उजेड पिवळा पडते. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज अन् रिले (स्विचच्या छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा डबा) टाका, अर्थिंगचे बोल्ट घासून साफ करा, कंपनीच्याच बल्बमध्ये फरक दिसते.

टोचनाचे हूक मात्र पक्के लावा, पुढे एक मागे एक, थेट चेसीला, चांगल्या ग्रेडच्या बोल्टनं. बंपरला किंवा स्टेअरिंगच्या रॉडला साखळी बांधून ट्रॅक्टरनं ओढायचं नाही. ओढताना साखळीपेक्षा पट्टा बरा, त्याच्या मधात ओली पोती टाकून ठेवा, तुटला तर कमी उसळते, अन् पोरं-सोरं सगळी लांब, पट्ट्याच्या दुप्पट अंतरावर.

पाटे बसवून झाले, यू-बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे) नवीन टाकले. जुने परत वापरायचे नाहीत, ते एकदा ताणले गेले म्हणजे गेले. नट आवळताना आडवे-तिडवे थोडे थोडे आवळा, अन् शॅकलच्या (पाट्याच्या टोकाच्या हलत्या कडीच्या) रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच फायनल टाइट करा, ठोकळ्यावर असताना केले तर बुश पिळून राहतात अन् लवकर फाटतात. पहिला फेरा भरल्या गाडीचा मारून आले की खाली जाऊन यू-बोल्टला परत पाना लावा, ते थोडे तरी फिरतातच.