फ्री प्लॅन: कुंपण कुठे घातलंय ते बघा

नमस्कार. अ‍ॅप बनवायच्या आणि प्रोटोटाइपच्या मोफत टूल्सची तुलना, असा विषय जाहीर झाला की लोक एका तक्त्याची वाट बघतात. डावीकडे टूल्सची नावं, वरच्या ओळीत सुविधा, मधल्या चौकोनांत बरोबर-चूकच्या खुणा. तो तक्ता मी आणलेला नाही. एक तर या कंपन्या आपले प्लॅन इतक्या वेळा बदलतात की तक्ता करून होईस्तोवर शिळा होतो. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: त्या खुणा काय मिळतं ते सांगतात, कुठे अडेल ते सांगत नाहीत.

फुकट ते पौष्टिक म्हणून आपण दोन मिनिटांत साइन-अप करून मोकळे होतो. कंपनीने मात्र शांतपणे बसून विचार केलेला असतो की हा माणूस नेमका कधी खिशात हात घालेल. त्या क्षणाच्या एक पाऊल अलीकडे ती कुंपण घालते. म्हणून दोन फ्री प्लॅन शेजारी ठेवताना मी एवढंच विचारतो: कुंपण कुठे आहे, आणि माझं काम तिथवर कधी पोहोचणार? डिझाइनच्या टूलमध्ये ते माणसं एकत्र आली की लागतं. नो-कोडमध्ये, म्हणजे कोड न लिहिता बांधायच्या टूल्समध्ये, अ‍ॅप लोकांसमोर आणताना लागतं. बॅकएंडला, म्हणजे डेटा आणि सर्व्हरची पडद्यामागची बाजू सांभाळणाऱ्या सेवांना, वापर वाढला की, आणि एआयवाल्या टूल्समध्ये तर चूक दुरुस्त करायला गेलात की. त्यामुळे डिझाइनच्या फिग्माचा फ्री प्लॅन चांगला की नो-कोडच्या बबलचा, या प्रश्नाला अर्थच नाही. ती दोन वेगळ्या टप्प्यांची टूल्स आहेत.

डिझाइनपासून सुरुवात करू. फिग्माच्या स्टार्टर प्लॅनमध्ये स्वतःच्या ड्राफ्ट्समध्ये हव्या तेवढ्या फाइल करता येतात, पण टीमच्या प्रोजेक्टमध्ये डिझाइन फाइल तीनच. एकटा शिकणारा माणूस वर्षभर काम करेल आणि हे कुंपण त्याला दिसणारही नाही. तिघांची टीम असेल तर पहिल्याच महिन्यात कुणीतरी विचारतं, "चौथी फाइल का होत नाहीये?" मग सगळं एकाच फाइलमध्ये कोंबायचं ठरतं, तर तिथे पानांवरही मर्यादा. याहून छुपी गोष्ट व्हर्जन हिस्टरीची, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्यांची. फ्री प्लॅनमध्ये ती 30 दिवसांची असते. "दोन महिन्यांपूर्वीचं जे होतं ना, तेच बरं होतं" असं ऐकायला मिळतं, तेव्हा ते दोन महिन्यांपूर्वीचं गेलेलं असतं. उपाय फुकटचाच आहे: प्रत्येक टप्प्याला फाइलची नक्कल करून तारीख घालून ड्राफ्ट्समध्ये ठेवा. सवय कंटाळवाणी आहे, पण लावून घ्या. विद्यार्थी आणि शिक्षक असाल तर फिग्माचा शिक्षणासाठीचा प्लॅन वेगळा आणि मोफत आहे. तो घ्यायचा सोडून स्टार्टरच्या तीन फाइलींशी झटापट करणारे विद्यार्थी दिसले की मला खरंच वाईट वाटतं.

आणखी एक सावधगिरी. 'बीटा आहे तोवर मोफत' असं लिहिलेलं, म्हणजे अजून चाचणीत असलेलं, फीचर फ्री प्लॅनचा भाग समजू नका. फिग्माचा डेव्ह मोड (डिझाइनवरून कोड लिहिणाऱ्यांसाठीची सोय) 2023 च्या जूनमध्ये आला, बीटात सगळ्यांना खुला होता, आणि 2024 च्या सुरुवातीला त्याला पैसे लागू झाले. यात फसवणूक काही नाही, आधी सांगितलेलं होतं. पण मधल्या काळात ज्यांनी आपली सगळी कामाची पद्धत त्यावर बसवली, त्यांची पंचाईत झाली.

पेनपॉट हे डिझाइनचंच मुक्त स्रोत टूल आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, आणि त्याचा पाया एसव्हीजी या चित्रांच्या फॉरमॅटसारख्या खुल्या मानकांवर आहे. फिग्माइतके प्लगइन आणि तयार टेम्प्लेट तिथे सापडणार नाहीत. तरी मोठी टीम आणि शून्य बजेट अशी जोडी असेल, तर मी आधी पेनपॉटच उघडेन. स्केच आणि अ‍ॅक्शुअर यांचे फ्री प्लॅन नाहीत, मुदतीची ट्रायल आहे. ट्रायल हाताशी काम तयार असताना सुरू करावी, नुसतं बघायला म्हणून नाही.

आता नो-कोड. बबलच्या फ्री प्लॅनवर अ‍ॅप बांधता येतं, डेटाबेस जोडता येतो, चाचणीच्या आवृत्तीत चालवून बघता येतं. थेट लोकांसाठी प्रसिद्ध करायचं म्हटलं की प्लॅन विकत घ्यावा लागतो. शिकण्यासाठी म्हणून हे उदार आहे. पण बबलमध्ये बांधलेल्या अ‍ॅपचा कोड बाहेर काढता येत नाही. डेटा काढता येतो, पण कुठल्या बटणावर काय घडतं ते सगळं लॉजिक तिथेच राहतं. 2023 मध्ये बबलने दर आकारायची पद्धत बदलली, अ‍ॅपचं काम 'वर्कलोड युनिट'मध्ये मोजायला सुरुवात केली, तेव्हा वापरणाऱ्यांत मोठा गदारोळ झाला. तो समजण्यासारखा होता. दर पटला नाही तरी उठून जायचं कुठे?

फ्लटरफ्लोमध्ये कुंपण दुसरीकडे आहे. ते फ्लटर या गूगलच्या फ्रेमवर्कचा खरा कोड तयार करतं, म्हणजे बाहेर पडायचा रस्ता आहे. पण कोड डाउनलोड करायचा तर पेड प्लॅन लागतो. माझ्या मते ही व्यवस्था बबलपेक्षा बरी. एखाद्या महिन्याचे पैसे भरून सगळं सामान घेऊन निघता येतं. अ‍ॅपशीट गूगलच्या मालकीचं आहे. तिथे दहा जणांपर्यंत चाचणीसाठी मोफत वापरता येतं. दहा माणसांच्या ऑफिसातली नोंदवही अ‍ॅपवर आणून दाखवायची असेल, तर एवढं पुरतं. एअरटेबल या ऑनलाइन तक्त्यांच्या टूलच्या फ्री प्लॅनवर एका बेसमध्ये (एका डेटासंचात) हजार नोंदी मावतात. हजार ऐकायला भरपूर वाटतात, पण रोज तीस नोंदी पडणाऱ्या हजेरीला त्या पाच आठवडेसुद्धा पुरत नाहीत.

आणि एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर. शाळकरी पोरांचं टूल म्हणून लोक नाक मुरडतात. सुरुवात गूगलमध्ये झाली, 2012 पासून ते एमआयटीकडे आहे. तिथे फ्री प्लॅन नाही, कारण प्लॅनच नाही, सगळं मोफत. ठोकळे जोडून अ‍ॅप करायचं, अँड्रॉइडची फाइल हातात येते, प्रोजेक्टही फाइल म्हणून उतरवता येतो. दिसायला अ‍ॅप देखणं होणार नाही. पण फोनचे सेन्सर, ब्लूटूथ, लोकेशन यांच्यावरची कल्पना चालते का, एवढंच तपासायचं असेल, तर यापेक्षा सरळ रस्ता मला माहीत नाही.

आता बॅकएंडकडे येतो, आणि इथे जरा थांबतो. फायरबेस या गूगलच्या बॅकएंड सेवेच्या फ्री प्लॅनचं नाव स्पार्क. त्यातल्या फायरस्टोअर डेटाबेसवर दिवसाला 50,000 वाचनं आणि 20,000 लेखनं मोफत असतात. पन्नास हजार! आपल्या अ‍ॅपला ती कधी कमी पडतील का, असं वाटतं. हिशोब करू. अ‍ॅपच्या पहिल्या स्क्रीनवर शंभर वस्तूंची यादी आहे. फायरस्टोअर यादीचं एक वाचन धरत नाही, आलेल्या प्रत्येक डॉक्युमेंटचं (म्हणजे नोंदीचं) एक धरतं. म्हणजे स्क्रीन एकदा उघडली की शंभर वाचनं. पन्नास जण चाचणीला बसले आणि प्रत्येकाने दिवसात दहा वेळा अ‍ॅप उघडलं, तर शंभर गुणिले पन्नास गुणिले दहा. झाले पन्नास हजार! पन्नास हजार वापरकर्ते नव्हे, पन्नास. त्यानंतर त्या दिवसापुरती स्क्रीन रिकामी, आणि चाचणी करणारे म्हणणार, "अ‍ॅप बंद पडलं." कोटा पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्रीच्या सुमारास परत भरतो, तुमच्या घड्याळात ती भर दुपारही असू शकते. आता त्याच स्क्रीनवर एका वेळी वीसच वस्तू आणा, बाकीच्या खाली सरकवल्यावर. खर्च दहा हजारांवर येतो. प्लॅन तोच, टूल तेच. फ्री प्लॅन पुरतो की नाही हे बऱ्याचदा आपण क्वेरी (डेटाची मागणी) कशी लिहिली यावर असतं, आणि ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

इथे मी थोडं उलटं बोलणार आहे. स्पार्कवर कोटा संपला की सेवा थांबते. लोक याला गैरसोय म्हणतात. शिकणाऱ्यासाठी ती मोठी सोय आहे. ब्लेझ या पुढच्या प्लॅनवर मोफत कोटा तसाच राहतो, पण त्यावरचा वापर बिलावर चढत जातो. बजेट अलर्ट लावला तरी तो नुसता ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत वेबसाइटला जागा देणाऱ्या एका होस्टिंग कंपनीच्या फ्री प्लॅनवरच्या साध्या स्टॅटिक साइटला एक लाख डॉलरहून जास्त बिल आल्याचं प्रकरण गाजलं. साइटवर अचानक प्रचंड ट्रॅफिक आदळली होती. बोभाटा झाल्यावर कंपनीने बिल माफ केलं. म्हणून दोन फ्री प्लॅनमध्ये निवड करायची तर 'मर्यादा ओलांडली की काय होतं?' ही ओळ आधी शोधा. थांबतं, हळू होतं, की बिल येतं? क्रेडिट कार्ड न मागणारा प्लॅन आकड्यांत थोडा तोकडा असला तरी मी नवशिक्याला तोच घ्यायला सांगतो.

सुपाबेस या दुसऱ्या बॅकएंड सेवेत अडण्याची जागा तिसरीच. फ्री प्लॅनवर दोन सक्रिय प्रोजेक्ट, प्रत्येकी 500 एमबी डेटाबेस; प्रोटोटाइपला पुष्कळ झालं. पण आठवडाभर कुणी हात लावला नाही तर प्रोजेक्ट पॉज होतो. परीक्षा, सुट्टी, दुसरं काम, काहीही मध्ये आलं आणि ऐन सादरीकरणाच्या दिवशी अ‍ॅप उघडलं की डेटाबेस झोपलेला. डॅशबोर्डवरून तो जागा करता येतो, फक्त ते आदल्या संध्याकाळी करायचं, स्टेजवर नाही. रेंडर या होस्टिंग सेवेच्या फ्री सर्व्हरचंही असंच, पण जास्त लवकर: पंधरा मिनिटं कुणी आलं नाही तर तो थांबतो आणि पुढच्या माणसाला मिनिटभर ताटकळावं लागतं. सादरीकरणाआधी पाच मिनिटं एकदा पान उघडून ठेवायचं, बास. व्हर्सेल या होस्टिंग सेवेच्या हॉबी या फ्री प्लॅनवर तांत्रिक त्रास कमी, अट कायदेशीर आहे: व्यावसायिक वापर चालत नाही. म्हणजे प्रोटोटाइप चालेल, पण त्यावर पैसे घ्यायला लागलात की नियम मोडला.

एआयवर बांधून देणारी टूल्स, लव्हेबल, बोल्ट, व्हीझीरो वगैरे, यांच्याबद्दल थोडक्यात. इथे क्रेडिट किंवा टोकन (टूलला काम सांगायची ठरावीक शिल्लक) मिळतात आणि त्यांचे आकडे सतत हलत असतात, म्हणून ते सांगत नाही. पहिली स्क्रीन इतकी झटपट उभी राहते की माणूस हरखून जातो. क्रेडिट त्या पहिल्या स्क्रीनवर संपत नाहीत. ती संपतात "बटण चालत नाही, दुरुस्त कर" असं पाचव्यांदा सांगताना. दुरुस्ती जमो न जमो, विचारणं मोजलं जातंच. म्हणून फ्री प्लॅनवर असाल तर स्क्रीन, डेटा आणि कुणाला काय दिसावं हे आधी कागदावर लिहून काढा आणि एका दमात सांगा. किरकोळ रंग-मजकूर हाताने बदला, त्यासाठी क्रेडिट जाळू नका. आणि प्रोजेक्ट खासगी आहे की सार्वजनिक, ते तपासा. काही टूल्समध्ये फ्री प्लॅनवरचं काम कुणालाही दिसू शकतं.

टूलच बंद पडलं तर? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. फेसबुकने 2013 मध्ये पार्स हे बॅकएंड विकत घेतलं, 2016 च्या जानेवारीत बंद करतोय म्हणून जाहीर केलं आणि वर्षभराने बंद केलं. हेरोकू या होस्टिंग सेवेचे मोफत डायनो (म्हणजे तिचे सर्व्हर) 2022 च्या नोव्हेंबरात गेले. प्रोटोटाइप म्हटलं की एके काळी ज्याचं नाव आधी यायचं, ते इनव्हिजन 2024 अखेर संपलं. ग्लिच या ऑनलाइन कोडिंगच्या टूलने 2025 च्या जुलैत प्रोजेक्ट होस्ट करणं थांबवलं. यात पार्सवाले त्यातल्या त्यात सावरले, कारण त्यांना वर्षाची मुदत मिळाली आणि सर्व्हरचा कोड मुक्त स्रोत करून दिला गेला. हेरोकूवाल्यांनाही फार जड गेलं नाही. कोड त्यांच्याकडे गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये) होताच, फक्त जागा बदलायची होती. ज्यांचं काम टूलच्या पोटातच होतं, त्यांना चित्रं उतरवून घेऊन नव्याने बांधावं लागलं.

म्हणून माझी एक चाचणी असते, ती पहिल्याच दिवशी करायची. नवीन टूलमध्ये एक स्क्रीन आणि दोन-चार नोंदी एवढंच करा. मग एक्सपोर्ट शोधा, फाइल उतरवा आणि ती त्या टूलच्या बाहेर उघडून बघा. डेटा सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) नीट आला का? फोटो आले, की फक्त त्यांच्या लिंक आल्या? एक्सपोर्टचं बटण दाबल्यावर पेड प्लॅनची खिडकी उघडली का? अर्ध्या तासाचं काम आहे. सुपाबेसच्या खाली साधं पोस्टग्रेस हे मुक्त स्रोत डेटाबेस आहे, त्यामुळे डंप (डेटाची पूर्ण प्रत) काढून दुसरीकडे भरता येतो. बबलमधून डेटा येईल, अ‍ॅप येणार नाही. हे माहीत असताना बबल घेतलंत तरी माझी हरकत नाही. दोन आठवड्यांत कल्पना दाखवून मोकळं व्हायचं असेल तर तो शहाणा निर्णय आहे.

जाता जाता खर्चाचं एक, जे कुठल्याच टूलच्या प्लॅनच्या पानावर ठळक नसतं. अ‍ॅप स्टोअरवर जायचं तर अ‍ॅपलची वर्षाची 99 डॉलर फी आहे, गूगल प्लेची एकदाच 25 डॉलर. ती टूल फुकट असलं तरी लागते. अ‍ॅपलच्या मोफत खात्यावरून स्वतःच्या फोनवर अ‍ॅप टाकता येतं, पण सात दिवसांनी ते उघडायचं बंद होतं, परत टाकावं लागतं. गूगल प्लेवर नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी किमान बारा जणांकडून सलग 14 दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. तुमचं सादरीकरण महिनाअखेर असेल आणि ते प्लेवरूनच दाखवायचं असेल, तर ते बारा जण या आठवड्यातच गोळा करायला लागा. नाहीतर सरळ वेब अ‍ॅप करा आणि लिंक पाठवा; प्रोटोटाइपला स्टोअर लागतंच असं नाही.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. टूलचं नाव घेऊन विचारलंत तर मीही आधी तुम्हालाच विचारेन की वापरणारे किती आणि दाखवायचं कधी आहे.